घाटरस्ता आणि मोटारीच्या ब्रेकनळ्या

मध्य प्रदेशातील धार जिल्हा मराठी वाचकांस पवारांचे संस्थान म्हणून परिचित आहे. धार शहर माळव्याच्या पठारावर आहे. त्याच जिल्ह्यातील मनावर हे तालुक्याचे गाव मात्र विंध्याच्या दक्षिणेस, निमाडात वसले आहे. धारहून मनावरकडे येणारी मोटार तीनशे मीटरांहून अधिक खाली उतरते. हजार किलो वजनाची मोटार तीनशे मीटर उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे दहा लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेशी असते. चालकाने सारा भार ब्रेकवरच टाकल्यास यातील बहुतेक उष्णता चाकांपाशी साठते. अशा प्रदेशात ब्रेकच्या नळ्यांची स्थिती हा केवळ गाडीच्या देखभालीचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न ठरतो.

नळ्यांचे कार्य

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत शिकविला जातो. मोटारीचा ब्रेक हे त्याचे नित्याचे उदाहरण होय. पायाने तीस किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर दीडशे किलोचा भार येतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटर असल्यास नळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलो होतो. हा दाब गाडीखालून जाणाऱ्या पोलादी नळ्या आणि चाकांजवळील लवचीक रबरी होस यांतून चाकांपर्यंत जातो. यांपैकी एक सांधा जरी निसटला, तरी त्या मंडलातील चाकांचा ब्रेक निकामी होतो. जुन्या काही गाड्यांत असे मंडल एकच असे. त्यामुळे एका गळतीने चारही चाके मोकळी सुटत.

बिघाड कसा होतो

पोलादी नळी चिखल व ओलाव्याने बाहेरून गंजते. रबरी होस वरून तडकतो किंवा आतून फुगतो. आतून फुगलेला होस दाब पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. मग पाय काढल्यावरही चाक आवळलेलेच राहते व तापते. तिसरा शत्रू ब्रेकच्या द्रवातच असतो. त्यास व्यवहारात ‘ब्रेक ऑइल’ म्हणत असले, तरी नेहमीच्या गाड्यांतील हा द्रव खनिज तेल नव्हे. त्याऐवजी इंजिनाचे तेल ओतल्यास रबरी भाग फुगून ब्रेक बंद पडतो. शिवाय हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. ‘डॉट ४’ प्रतीचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही.

सुधारणा म्हणजे काय

पोलादी जाळीचे वेष्टन असलेल्या होसची अलीकडे अनेकांस भुरळ पडते. असा होस दाबाखाली कमी फुगतो व पेडल अधिक घट्ट लागते, हे खरे. परंतु झिजलेले लायनर किंवा गुळगुळीत टायर त्याने सुधारत नाहीत, आणि जाळीखालील दोष डोळ्यांस दिसत नाही. म्हणून जुना होस त्याच मापाच्या, निर्मात्याने मान्य केलेल्या नव्या होसने बदलणे आणि साधारणतः दर दोन वर्षांनी द्रव बदलणे, हीच पहिली व खरी सुधारणा होय. पोलादी नळीच्या जागी साधी तांब्याची नळी बसवू नये; कंपनाने ती कडक होऊन चिरते. फुटलेली नळी डाग देऊन जोडणे किंवा तिच्यावर रबराचा तुकडा चढविणे हे तर प्राणाशी खेळणे आहे.

घरी काम करताना

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करून चाकांस अडण लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. भक्कम घोड्यांचा आधार द्यावा. नळीच्या नटास योग्य मापाचाच पाना लावावा. सांध्यातील तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. होसला पीळ पडू नये. सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून तो टायरला घासत नाही, हे पाहावे. त्यानंतर दोघांनी मिळून नळीतील हवा काढावी. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करून पुन्हा आवळावा आणि मगच पेडल सोडावे. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. या काळात टाकी रिकामी होऊ देऊ नये व निघालेला द्रव पुन्हा वापरू नये. शेवटी पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे आणि प्रत्येक सांधा कोरडा असल्याची खात्री करावी. नंतर मोकळ्या सपाट जागी मंद वेगाने परीक्षा घ्यावी. एबीएस यंत्रणा असलेली गाडी किंवा नवी पोलादी नळी घडविण्याचे काम कार्यशाळेकडेच सोपवावे.

मर्यादेचे भान

धार जिल्ह्यातच पिथमपूर येथे नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेग धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. कमी-अधिक निसरड्या पृष्ठभागांवर ब्रेकची परीक्षा घेण्यासाठी तेथे स्वतंत्र मार्गही आहे. घरी बसविलेल्या नळीस अशी कसोटी लाभत नाही. मालकाची सावधगिरी हीच तिची कसोटी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधीच आहे, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरफारांवर मर्यादा घातल्या आहेत.

नळ्या नव्या असल्या, तरी उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी व इंजिनाचा रोध वापरावा. गिअर मोकळा करून पेट्रोल वाचविण्याचा मोह टाळावा. पेडल मऊ लागणे, टाकीतील द्रव कमी होणे किंवा टायरच्या आतील बाजूस ओल दिसणे, यांपैकी एकही खूण आढळल्यास घाट उतरण्यापूर्वीच गाडी थांबवावी. पठारावर तपासणीत गेलेला तासभर फुकट जात नाही. घाटात मात्र एका क्षणाचाही अवधी मिळत नाही.