पत्ते, गाणी आणि रिकामे दिवे

परवा सबमिशन आहे आणि आज ग्रुपवर मेसेज पडतो, ‘चल ना, एकच गेम!’ ओळखीचं वाटतंय ना? मग जवळपास ३९० वर्षांपूर्वीचं एक फ्रेंच छापचित्र तुम्ही बघायलाच हवं.

चित्रकाराचं नाव आब्राहाम बोस. १६३५च्या सुमारास त्याने बायबलमधल्या दहा कुमारींच्या दाखल्यावर सात चित्रांची मालिका केली. गोष्ट छोटी आहे. दहा मुली दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघतायत. पाच जणींनी जादा तेल आणलंय, पाच जणींनी नाही. नवरदेवाला उशीर होतो. मध्यरात्री तो आल्याची हाक येते, तेव्हा या पाच जणी तेल आणायला धावतात. परत येईपर्यंत दार बंद!

या वेंधळ्या मुली वाट बघताना काय करत होत्या, हे बायबल सांगत नाही. बोसने ते दाखवलं. त्याने त्यांना थेट स्वतःच्या काळातल्या श्रीमंत फ्रेंच दिवाणखान्यात बसवलं. लेसच्या रुंद कॉलर, घेरदार पोशाख, पत्ते, संगीत. म्हणजे बघणाऱ्याला ‘या तर आपल्याच ओळखीतल्या’ असंच वाटणार. बोस शिंप्याचा मुलगा होता, कापडाची चुणी न् चुणी त्याला कळायची. चित्रात रंग एकही नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, मग त्या रेघा आम्लाने खोदून काढायच्या. त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. एवढ्यावर त्याने रेशमाची चमक आणलीय!

गंमत इथेच आहे. चित्र उपदेश करतंय, पण डोळा रेंगाळतो तो थाटावर. ‘स्क्रीन टाइम कमी करा’ सांगणारं रील आपण तीनदा बघतो, तसंच काहीसं.

पण मजा करणं हाच गुन्हा आहे, असं मूळ गोष्ट म्हणत नाही. नीट वाचा, झोप दहाही जणींना लागते, शहाण्यांनासुद्धा! फरक फक्त तेलाचा. आणि ते ऐनवेळी मागितलं, तर शहाण्या मुली चक्क नाही म्हणतात. थोडं क्रूर वाटतं खरं. पण विचार करा, मैत्रिणीकडून नोट्सची झेरॉक्स मिळते, तिने महिनाभर केलेला अभ्यास मिळतो का?

तेव्हा गेम खेळा, बिनधास्त खेळा. फक्त त्याआधी दिव्यात तेल किती उरलंय, ते एकदा बघून घ्या.