एकाच वावराचे दोन धनी

आमच्या खानदेशात शेताला ‘वावर’ म्हणतात. पुण्या-मुंबईकडे वावर म्हणजे हिंडणे-फिरणे. हे दोन्ही अर्थ एकाच जागी कसे नांदतात, ते मला मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका केळीच्या बागेत कळले. मामांबरोबर सकाळी ठिबकच्या नळ्या बघायला गेलो होतो. दोन ओळींमधल्या ओल्या मातीत बशीएवढा ठसा उमटलेला. मामांनी वाकून त्यावर पंजा पसरला आणि सहज म्हणाले, “परवाचा दिसतो. त्याची फेरी राहते भो इकडून.”

मामा ज्याला फेरी म्हणाले, त्याची शास्त्रीय व्याख्या विल्यम बर्ट या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली केली. अन्न मिळवणे, जोडीदार शोधणे आणि पिले वाढवणे या रोजच्या व्यवहारासाठी जनावर जेवढ्या भागात फिरते, तेवढा त्याचा टापू. एखादे दिवशी वाट वाकडी करून कुठे गेले, तर तो भाग त्यात धरायचा नाही. नाहीतर चारधामला जाऊन आलेल्या माणसाचे घर हिमालयापर्यंत मोजावे लागेल!

हा टापू किती मोठा असावा, हे मुख्यतः पोट ठरवते. उल्लास कारंथ यांनी मांडलेला हिशेब सोपा आहे. वाघाला आठवड्याला साधारण एक मोठी शिकार लागते, म्हणजे वर्षाला पन्नासेक जनावरे. कळप कायम राहायचा तर त्यातली दहा टक्केच उचलता येतात. मूळ भांडवल शाबूत ठेवून व्याजावर जगण्यासारखेच हे. म्हणून एका वाघामागे चितळ, सांबर, रानडुक्कर अशी सुमारे पाचशे जनावरे हवीत. चौरस किलोमीटरला पन्नास जनावरे असतील, तर दहा चौरस किलोमीटरात भागते. दोनच असतील, तर अडीचशे चालावे लागतात. नेपाळच्या चितवनमध्ये वाघिणीचा टापू वीसेक चौरस किलोमीटरचा भरतो. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या बर्फाळ सिखोते-आलिन डोंगरात तो चारशेच्या आसपास जातो. जात तीच, फक्त ताट रिकामे.

नराचे गणित वेगळे. त्याला अन्नाबरोबर माद्याही हव्यात, म्हणून त्याचा टापू दोन-तीन माद्यांचे टापू पोटात घेतो. टिपेश्वरचा ‘वॉकर’ वाघ आठवतो का? २०१९ साली निघालेला हा तरुण नर गळ्यात पट्टा बांधून तीन हजार किलोमीटरच्या वर चालला आणि शेवटी आमच्या शेजारच्या बुलढाण्यात, ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. तिथे खायला होते, पण वाघीण एकही नव्हती.

आता आपल्याकडे या. जळगावात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि सातपुड्यातले नाले कोरडे पडतात. त्याच वेळी खाली तापी-पूर्णेच्या काठाला केळी उभी असते. आत गारवा, रोज पाणी, माणूस चार पावलांवर असून दिसणार नाही इतकी दाटी. रानडुकरे आधी शिरतात, त्यांच्यामागे वाघ. डोलारखेडा-वढोदा भागातला वाघ केळीत वावरतो, हे आता नवल राहिलेले नाही. २०१४ साली तिथले सुमारे १२३ चौरस किलोमीटर जंगल ‘मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर झाले. पण केळीची बाग त्याच्या नकाशात नाही आणि वाघाला तर नकाशाच ठाऊक नाही.

बिबट्या याहून चतुर. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या ऊसपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांना शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे आढळले, जंगल नसताना. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. माणसांत राहणाऱ्या बिबट्यांचा पट्टे घालून केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन माद्यांचे टापू ८ आणि १५, तर एका नराचा ४२ चौरस किलोमीटर निघाला. म्हणजे उत्तम राखलेल्या जंगलात असतात, जवळपास तेवढेच. उकिरड्यावरची कुत्री आणि मोकळ्या सोडलेल्या शेळ्या हे त्याचे चितळ-सांबर. आपणच त्याचे ताट वाढून ठेवतो आणि तो गावात आला म्हणून ओरडतो.

धुळे जिल्ह्यातले अनेर अभयारण्य सुमारे ८३ चौरस किलोमीटरचे, यावलचे १७६. वरचे आकडे लावून पाहा. अनेरमध्ये दोन नर बिबट्यांचे टापू जेमतेम मावतील. एके काळी खानदेशात १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत जेम्स औट्रम आणि त्याच्या साथीदारांनी २३५ वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. इतके वाघ पोसणारे रान तेव्हा खाली मैदानापर्यंत होते.

मग पकडून दूर सोडावे, ही मागणी येतेच. मला ती पटत नाही, पण ती करणाऱ्याला मी हसणार नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बिबट्याने माणसे मारली आणि डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. ते महिने ज्यांनी काढले, त्यांना टापूचे गणित कोण ऐकवणार? पण सरसकट पकडण्याचा अनुभव वेगळाच आहे. पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ बिबट्या २००९ साली माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. इकडे रिकामा झालेला टापू तसा राहत नाही. अन्न असेल तर दुसरा येतो आणि तो तरुण, जागेला नवखा असतो.

म्हणून मामा म्हणतात, त्याला न्यायचे सोडा, आम्हाला दिवसा वीज द्या. पंपाची पाळी रात्री असली की सालदाराला अंधारात बागेत जावे लागते, नेमक्या त्याच वेळी फेरीवाला निघतो. तोवर मामांनी आपल्यापुरती सोय केली आहे. शेळ्या पक्क्या दाराच्या गोठ्यात, बांधालगतचे गवत साफ आणि रात्री पाणी द्यायला दोघांनी मिळून, मोठ्याने बोलत जायचे. सालदाराला गाण्याची हौस आहे. मामा सांगतात, त्याचा आवाज ऐकला की वाघच काय, आम्हीसुद्धा बाग सोडतो.