साष्टी : लढाईत मिळाली, कागदावर गेली

मीरा-भाईंदर म्हणजे जुन्या साष्टी बेटाचे उत्तर टोक. पूर्वेला घोडबंदरचा किल्ला, पश्चिमेला उत्तनजवळ चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आणि खाडीपलीकडे वसई. 1737 ते 1802 या पासष्ट वर्षांत या टापूसाठी झालेल्या मोठ्या लढाया बोटांवर मोजण्याइतक्या, पण त्याच्या मालकीवरून झालेले तह आणि करार त्याहून जास्त. तरी मराठी वाचकाला विचारले तर चिमाजी अप्पांची वसई तो सांगेल. पुरंदरचा 1776 चा तह, वडगाव किंवा सालबाई यांत साष्टीचे काय झाले, हे सहसा सांगता येणार नाही. आपले युद्धवाचन तटाला भगदाड पडले की संपते. मला वाटते, त्या काळाचा खरा धडा तिथून पुढे आहे. समोरच्याच्या घरात कोणाचे कोणाशी पटत नाही, सही करण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या सहीला मागे कोण उभे राहणार, हे ज्याला वाचता आले त्याच्याकडे साष्टी गेली. हे वाचन इंग्रजांनी सातत्याने केले. आपल्या माणसांनी तेच काम कधी फार चांगले केले, तर कधी ऐन वेळी त्यांच्याकडून ते निसटले.

पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेवर वाचण्यासारखे पुष्कळ आहे. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तराचे 45 खंड संपादित केले. त्यातला सोळावा खंड याच मोहिमेचा. य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ आहे. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांच्याशी झालेला पत्रव्यवहार पारसनिसांनी छापला. या कागदांतले युद्ध पोवाड्यातल्या युद्धापेक्षा वेगळे दिसते. तिथे शौर्याच्या जोडीला रसद, गलबते, सुरुंग आणि डोक्यावर येऊन ठेपलेला पाऊस यांची सततची काळजी आहे. धारावीचे महत्त्वही या कागदांतूनच उमगते. खाडीच्या मुखाशी, वसईच्या बरोबर समोर असलेली ही टेकडी हातात आल्याशिवाय दक्षिणेकडून किल्ल्याला मिळणारी मदत तोडता येत नव्हती. म्हणून तिच्यासाठी पुन्हा पुन्हा झुंज झाली आणि 1739 च्या मार्चमध्ये ती पक्की ताब्यात आल्यावर वसईचा फास आवळला गेला. मे महिन्यात सुरुंगांनी बुरूज उडाले, हल्ले झाले, माणसे पडली. मराठ्यांकडचे मृत आणि जखमी पाच हजारांवर गेल्याचे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो.

इतके रक्त सांडल्यावर जो करार झाला तो मात्र सावकाश वाचावा असा आहे. पोर्तुगीज शिबंदीने आठ दिवसांत शहर सोडायचे. पण हत्यारे घेऊन, निशाणे फडकावीत, नगारे वाजवीत बाहेर पडायचे. ज्यांना जायचे आहे त्यांनी आपली चीजवस्त न्यावी. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक. इतकी माणसे गमावलेल्या सेनापतीला सूड घेणे सोपे होते, आणि अवघड गोष्ट त्याने कागदावर आणली. यावर आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही: चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्याच, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या आजही आहेत. शिवाय ही उदारता कसली, मुलूख चालवायचा तर शेत कसणारा आणि मासेमारी करणारा माणूस लागतोच, म्हणून ही सवलत. मला हा आक्षेप मान्य आहे, आणि त्यामुळे करारावरचा विश्वास वाढतो. राज्यकर्त्याच्या गरजेवर उभे असलेले कलम त्याच्या मर्जीवर उभ्या असलेल्या कलमापेक्षा जास्त टिकते. उत्तन, पाली, चौक, डोंगरीची ख्रिस्ती गावे आजही आहेत. ती केवळ त्या कलमामुळे राहिली असे म्हणणे धाडसाचे होईल; होडी, जाळे आणि शेत सोडून ही माणसे जाणार तरी कुठे होती? पण पोर्तुगीज सत्ता गेली आणि ती घडवून गेलेली वस्ती मागे राहिली, ही वस्तुस्थिती समजून घ्यायला लढाईची वर्णने उपयोगी पडत नाहीत. तिथे तहाचीच कलमे काढून बसावे लागते.

त्याच 1739 साली मुंबईकर इंग्रजांनी काय केले, हेही याच संदर्भात पाहिले पाहिजे. वेढ्यात अडकलेल्या पोर्तुगीजांनी मदत मागितली तेव्हा त्यांनी चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून 15,000 रुपये कर्जाऊ दिले. वसई पडताच त्यांनी दोन वकील दोन दिशांना पाठवले: कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजी अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे. इंचबर्डने जुलैत व्यापाराचा करार पदरात पाडून घेतला. गॉर्डनचे काम वेगळे होते. छत्रपती आणि पेशवा यांच्यात, तसेच पेशवा आणि दरबारातले इतर मंत्री यांच्यात किती अंतर आहे, हे त्याने पाहून यायचे होते. ज्या वर्षी मराठी सत्ता पश्चिम किनाऱ्यावर सगळ्यात दबदब्याची होती, त्याच वर्षी मुंबईचे हे छोटे ठाणे तिच्या घरातल्या भेगा मोजत होते.

या माहितीचे मोल सुमारे पस्तीस वर्षांनी कळले. 30 ऑगस्ट 1773 रोजी पेशवे नारायणरावांचा खून झाला आणि भेग उघड झाली. पेशवेपदासाठी झगडणारे त्यांचे काका रघुनाथराव यांना मदत देण्याच्या बोलण्यात साष्टी आणि वसई ही इंग्रजांची पहिली मागणी होती. रघुनाथराव ती ठाणी देण्यास कां कू करत होते. तेवढ्यात पोर्तुगीज आपला जुना मुलूख परत घेण्यासाठी आरमार पाठवत असल्याची बातमी आली. मुंबईकरांनी थांबून वाट पाहिली नाही. 28 डिसेंबर 1774 रोजी हल्ला करून त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि आतल्या शिबंदीतले बहुतेक लोक कापून काढले. वसईच्या शिबंदीची नगारे वाजवीत झालेली पाठवणी याच्या शेजारी ठेवून पाहावी. साष्टी आधी ताब्यात घेतली आणि तिचा कागद मार्च 1775 मध्ये सुरतेला रघुनाथरावांकडून करून घेतला. ज्याच्या ताब्यात पुणे नाही त्याने पुण्याचा मुलूख लिहून दिला.

पुढची सात वर्षे या काळातली सगळ्यात वाचनीय. मुंबईने केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने नाकारला, कारण 1773 च्या कायद्याने युद्ध आणि तह यांवर कलकत्त्याची देखरेख आली होती. पुण्याचे कारभारी नाना फडणीस आणि सखारामबापू यांना ही फट दिसली. कलकत्त्याने पाठवलेल्या अप्टनशी घासाघीस करून त्यांनी 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह केला. रघुनाथरावांची पाठराखण सोडण्याचे वचन इंग्रजांकडून घेतले. साष्टी मात्र सुटली नाही. नानांनी मग फ्रेंचांचा माणूस सेंट लुबिन पुण्यात ठेवून घेतला आणि इंग्रजांच्या मनात धाक बसवला. 1779 च्या जानेवारीत मुंबईची फौज घाट चढून तळेगावपर्यंत आली, माघारी फिरली आणि वडगावला कोंडली गेली. तिथल्या करारात साष्टी परत आली होती. 1773 नंतर घेतलेला सगळा मुलूख सोडायचा, रघुनाथरावांना स्वाधीन करायचे, बंगालकडून येणारी फौज थांबवायची, हे सगळे मान्य झाले. फार्मर आणि स्ट्युअर्ट हे दोघे इंग्रज ओलीस राहिले. पण बोलणी करायला आलेल्या फार्मरने आधीच सांगितले होते की वरच्या सरकारच्या मान्यतेशिवाय तह करण्याचा आपल्याला अधिकार नाही. ते ऐकूनही करार घेतला गेला आणि कोंडलेली फौज मुंबईला जाऊ दिली. ती सुखरूप पोचताच मुंबईने करार झिडकारला. कलकत्ता आणि मुंबई यांच्यातला फरक तीन वर्षांपूर्वी ज्यांनी कामी लावला होता, त्यांनाच तो वडगावात नडला.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो: कागद शेवटी बळाच्या मागे चालतो. गॉडर्डची फौज बंगालकडून येत होती, म्हणून वडगाव नाकारता आले. 1780 च्या डिसेंबरात त्याने वसई घेतली. मग तहांचा एवढा ऊहापोह कशाला? यात अर्धे सत्य आहे. पण बळच सगळे ठरवत असते तर 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी जिंकलेली वसई परत दिलीच नसती. ती परत आली आणि साष्टी त्यांच्याकडे राहिली, म्हणजे महादजी शिंदे आणि इंग्रजांचा वकील अँडरसन यांच्यात खरोखर देवघेव झाली. मुंबईला चिकटलेले बेट इंग्रज सोडणार नव्हते, खाडीपलीकडचे ठाणे सोडायला तयार होते. रेघ वसईच्या खाडीवर ओढली गेली. भाईंदर इंग्रजांचे आणि समोरची वसई मराठ्यांची, ही वाटणी कोणत्याही एका लढाईचा निकाल नव्हती.

मग हे सगळे वाचायचे कुठे? आत्मचरित्रांत शोधले तर निराशा होते. नाना फडणिसांनी आत्मवृत्त लिहिले आहे, पानिपतातून जीव वाचवून निघाल्याचे त्यात निर्भीडपणे सांगितले आहे; पण ते साधारण तिथेच थांबते. त्यांची मुत्सद्देगिरी जिथून सुरू होते तिथे लेखणी थांबलेली. त्यापुढचे नाना पत्रांत भेटतात, वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त आणि सरदेसाईंच्या खंडांत. पत्रे रूक्ष असतात, त्यांत साधा माणूस दिसत नाही, ही तक्रार खरी आहे आणि कादंबरीने ती उणीव भरली आहे. ना. सं. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसऱ्या बाजीरावाला माणूस म्हणून समजून घेतले, ते मराठी साहित्यावरचे उपकारच आहेत. पण एखाद्याचे मन समजले म्हणून त्याने सही केलेले कलम हलके होत नाही. दोन्ही वाचायला हवे, आणि शक्यतो समोरच्या पक्षाचे कागदही. गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य वेचलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ मराठीत लिहून ती सोय करून ठेवली आहे. आपलेच कागद वाचणारा एकतर्फी होतो, ही भीती त्यांच्यामुळे बरीच कमी होते.

1800 च्या मार्चमध्ये नाना गेले. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांची फौज मोडली आणि बाजीराव कोकणात उतरून समुद्रमार्गे वसईला आले. 31 डिसेंबरला त्यांनी इंग्रजांचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्याबरोबर तह केला: किमान सहा हजारांची इंग्रजी फौज कायमची ठेवायची, तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले वाद इंग्रजांच्या निवाड्यावर सोपवायचे, त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत. यातले फौजेचे आणि मुलखाचे कलम सगळ्यांना खटकते. शेवटचे कलम जास्त जड होते. शिंदे, होळकर, भोसले यांच्याशी स्वतःहून बोलण्याचा पेशव्यांचा हक्कच त्याने काढून घेतला. ज्या भेगा पाहून यायला 1739 मध्ये गॉर्डन साताऱ्याला गेला होता, त्या बुजवण्याचे काम यापुढे इंग्रजांच्या परवानगीनेच करायचे होते.