लहानपणी नाक मुरडलं, आता वाढून घेते

कडेगावात आमच्या वस्तीत सांजेला चुली पेटल्या की कुणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरनं कळायचं. आमच्या घरातून बहुतेक वेळा भाजलेल्या हुलग्याचा वास यायचा. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि येताना ओटीत घोळ, तांदुळजा, पाथरी असं काहीबाही घेऊन यायची. रात्री शाळूची भाकरी, पालेभाजीचं कोरड्यास आणि थंडीच्या दिवसांत हुलग्याचं माडगं. मी ताट सरकवून द्यायचे. आई म्हणायची, "खा गं बाई, अंगात रगत व्हतंय."

खरं सांगायचं तर मला त्या चवीचा एवढा राग नव्हता. शाळेत एकदा डब्यात हुलग्याची शेंगोळी नेली होती. शेजारच्या मुलीनं बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "तुमच्यात बैलाचा दाणा खातात का गं?" सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून हुलगा माझ्या घशाखाली उतरेना. पुढं पालेभाजी गेली, भाकरीही गेली. नोकरी लागल्यावर मी ठरवलं की आपल्या घरात चपाती आणि भातच होईल.

पंचेचाळिशीत जिना चढताना धाप लागायला लागली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बाईमाणसाचं ते किमान १२ असावं लागतं. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "जेवणात काय काय असतं?" मी सांगत गेले. त्या म्हणाल्या, "पालेभाजी, कडधान्य काहीच दिसत नाही." तेव्हा आईची ओटी डोळ्यांपुढं आली.

हे एकट्या माझं नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण जवळपास ६९ टक्के आहे. आपल्या वस्तीतल्या दहा लेकरांकडं बघा आणि त्यातली सहा-सात अशी असू शकतात, हे मनात धरा.

आणि ज्याला आपण बैलाचा दाणा म्हणून लाजलो, त्यात काय आहे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं आणि साडेआठ मिलिग्रॅमहून जास्त लोह असतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नसतं. शेवग्याच्या पाल्यात ३०० च्या वर कॅल्शियम आहे. म्हशीच्या तेवढ्याच दुधात ते १२० च्या आसपास भरतं.

नावड येते कुठून?

लहान मूल कडू तोंडात घेत नाही, यात त्याचा हट्ट कमी आणि निसर्ग जास्त असतो. रानातल्या कितीतरी विषारी वनस्पती कडू असतात, म्हणून कडू लागलं की थुंकायचं, ही समज शरीरात जन्मतःच असते. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात मुलं नव्या पदार्थाला जास्त घाबरतात. शिवाय प्रत्येकाची जीभ सारखी नसते. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या हातून एक पावडर हवेत उडाली. सोबत्याचं तोंड कडू झालं, फॉक्सला काहीच लागलं नाही. पुढं कळलं की हा फरक आई-बापाकडून आलेल्या जनुकांचा आहे. तेव्हा एक भाऊ कारलं आवडीनं खातो आणि दुसरा रडतो, यात नवल नाही.

पण जीभ शिकते. अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेनं २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या आयांनी गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढं गाजराची चव सहज स्वीकारली. आई जे खाते त्याची ओळख बाळाला पोटात आणि दुधातून होते. मोठ्या मुलांना एखादी नवी चव पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळासुद्धा ती चाखावी लागते. आपण मात्र दोनदा देतो आणि "आमच्या बाळाला आवडतच नाही" म्हणून सोडून देतो.

तिसरी नावड मनाची असते, माझ्यासारखी. तिच्यावर गोळी नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळेपाके तुकडे सोडून द्यायला सांगितलं. त्यांनी सोडायला सांगितलं ते लाचारीचं अन्न. आईनं उन्हात वाकून वेचलेली भाजी लाचारीची कशी असेल? आम्ही मात्र दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून टाकली. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या माणसांचं खाणं लाज न बाळगता लिहून ठेवलं. आपल्या भागातल्या घरांनीही आपापल्या आज्यांना विचारून ठेवावं. मी उशीर केला. आई गेल्यावर माडगं चुलतीकडून शिकावं लागलं.

चव कशी लावावी

१. थोडंच वाढा. पहिल्यांदा कारल्याची एकच फोड, भाजीचा एकच घास. मूल थुंकलं तरी रागावू नका. चार दिवसांनी पुन्हा वाढा.

२. बळजबरी नको, लाचही नको. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट देईन" म्हटलं की पोराला कळतं, भाजी म्हणजे शिक्षा.

३. आधी आपण खा. बापानं ताटातली भाजी बाजूला काढली तर पोरगा तेच करणार.

४. ओळखीच्या पदार्थात मिसळा. शेवग्याचा पाला भाकरीच्या पिठात किंवा थालीपिठात, मेथी डाळीत.

५. जेवणाआधी तासभर कुरकुरे, बिस्किटं, चहा बंद. भुकेल्या पोटाला चव लवकर लागते.

६. पोरांना भाजी निवडायला बसवा. हातानं निवडलेलं खाऊन बघावंसं वाटतं.

करून बघा

माडगं: हुलगे खमंग भाजून दळून आणा. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. ते उकळत्या पाण्यात सोडून हलवत शिजवा. चवीला मीठ, थोडा गूळ, चिमूटभर सुंठ. गरम प्या.

कारलं: पातळ चकत्या करून मीठ चोळा, अर्ध्या तासानं पिळून घ्या. लसणाच्या फोडणीत कुरकुरीत परता. वरून शेंगदाण्याचं कूट, चिंच आणि थोडा गूळ.

शेवग्याचा पाला: कोवळा पाला निवडून धुवा. मूगडाळ अर्धवट शिजली की पाला घाला. लसूण-मिरचीची फोडणी द्या आणि खाताना लिंबू पिळा.

लिंबू चवीपुरतं नाही. भाजी-कडधान्यातलं लोह शरीराला कमी लागू पडतं, लिंबू-आवळ्यानं ते जास्त लागू पडतं. चहानं मात्र ते अडतं, म्हणून जेवणानंतर तासभर चहा टाळा. अंडी, सुकट घरात चालत असेल तर तीही जेवणात असू द्या.

हे ध्यानात ठेवा

रक्त कमी असेल तर नुसत्या भाजीवर राहू नका. दवाखान्यातल्या गोळ्या सांगितल्या तेवढे दिवस घ्या. कारल्यानं साखर बरी होते म्हणून मधुमेहाचं औषध कुणी बंद करू नये. दुधी भोपळा कडू लागला तर तो टाकून द्या. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत. तिथं जिभेचं ऐकायचंच. मुतखडा असेल तर पालेभाजी किती खायची ते डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. टेंभू-ताकारीचं पाणी आलं, आपल्याकडं ऊस वाढला, तसं तणनाशकही वाढलं. फवारलेल्या रानातली किंवा बांधावरची भाजी आणू नका. ज्या भाजीची पक्की ओळख नाही ती शिजवू नका. दारात डब्यात घोळ, तांदुळजा सहज येतो. जागा असेल तर शेवग्याची एक फांदी लावा, ती जगते.

सहा महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन ११.६ झालं. गोळ्यांनी झालं आणि ताटानंही झालं. पहिले पंधरा दिवस माडगं मी औषध म्हणून डोळे मिटून प्यायले. कधी आवडायला लागलं ते कळलं नाही. आता थंडी पडली की स्वतःहून चूल पेटवते.

नातू कारल्याला अजून तोंड वाकडं करतो. मी एक फोड वाढते, तो ती ताटाच्या कडेला सारतो. राहू दे. शेंगोळी मात्र मागून खातो. मागच्या महिन्यात डब्यात नेली आणि मित्रांना वाटून रिकामा डबा घेऊन आला. कुणी काय म्हटलं का, असं मी भीत भीत विचारलं.

"म्हटलं ना," तो म्हणाला. "उद्या जास्त आण म्हणाले."