छावणीजीवन, मराठ्यांच्या यादवी युद्धांतील

अठराव्या व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठ्यांमध्ये जी अंतर्गत युद्धे झाली, त्यांत सामील असलेल्या सामान्य शिपायाचे मोहिमेवरील व मुक्कामावरील दैनंदिन जीवन. ‘छावणी’ हा शब्द ‘छावणे’ म्हणजे शाकारणे या क्रियापदापासून आला. पावसाळ्याचे चार महिने फौजेने छपराखाली काढावयाचे ठिकाण, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे तो फौजेच्या कोणत्याही दीर्घ मुक्कामास लावण्यात येऊ लागला.

पार्श्वभूमी : शाहू व ताराबाई यांच्या पक्षांतील खेडची लढाई (१७०७), पहिला बाजीराव व त्रिंबकराव दाभाडे यांच्यातील डभईची लढाई (१७३१), माधवराव पेशवे व रघुनाथराव यांचा संघर्ष (१७६२ व १७६८), नारायणरावाच्या खुनानंतर (१७७३) रघुनाथरावाविरुद्ध बारभाईंनी केलेले युद्ध आणि शिंदे-होळकरांमधील लढाया (१८०१-०२) हे या यादवीचे ठळक टप्पे होत. दोन्ही बाजूंस एकाच मुलखातील, पुष्कळदा एकाच कुळातील माणसे असत. त्यामुळे या युद्धांतील शिपायाचे जीवन परमुलखावरील स्वारीतील जीवनाहून एका बाबतीत मूलतः भिन्न होते : ज्या रयतेच्या धान्यावर तो जगे, ती बहुधा त्याचीच रयत असे.

शिवकालीन दंडक : शिवाजी महाराजांच्या काळी फौजेने पावसाळ्यात स्वराज्यात छावणी करावी आणि दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरीस जावे, असा नियम असल्याचे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून कळते. छावणीसाठी दाणा, वैरण, औषधे यांचा साठा आधी करून ठेवीत. स्वारीस निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी होई व परतल्यावर झडती घेतली जाई. बायका, बटकी व कलावंतिणी लष्कराबरोबर नेण्यास मनाई होती. चिपळूणजवळील हलवर्ण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांना पाठविलेल्या पत्रात (१६७३-७४ च्या सुमारास) साठा जपून वापरावा, रयतेकडून काही ओरबाडू नये, एवढेच नव्हे तर उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेल्यास गवताच्या गंजी जळतील म्हणून दिवे सांभाळावेत, इतक्या बारकाईने सूचना आहेत. या शिस्तीचे मर्म उघड आहे : शिपायाचे पोट आधीच भरलेले असले, तरच रयत सुरक्षित राहते. अठराव्या शतकात ही व्यवस्था ढासळली.

फौजेचे घटक : सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार. कोणाच्याही पथकात नसलेल्या एकट्या स्वारास एकांडा म्हणत. यांखेरीज गारदी, अरब, रोहिले, गोसावी यांची पायदळे असत. शिंद्यांकडे द बॉइन्यने उभारलेल्या कवायती पलटणी होत्या. शिलेदाराला साजसामानासाठी नालबंदी ही आगाऊ रक्कम व खर्चापुरता रोजमुरा मिळे. घोडा मेल्यास ते नुकसान मात्र बहुधा त्यालाच सोसावे लागे. घोडा गेला म्हणजे उपजीविका गेली. त्यामुळे आपल्याच माणसांविरुद्धच्या लढाईत घोडा विनाकारण धोक्यात न घालण्याकडे त्याचा कल असल्यास नवल नाही. पेंढाऱ्यांना नियमित पगार नसे. ते लुटीवर जगत आणि तिच्यातील हिस्सा पालपट्टी म्हणून सरदाराला देत.

छावणीची मांडणी : कूच असेल त्या दिवशी बिनीची तुकडी पुढे जाऊन पाण्याच्या सोयीची जागा निवडी. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या राजपुतान्यातील छावणीत होता. त्याच्या पत्रांचे पुस्तक १८१३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्याने वर्णन केल्याप्रमाणे, सरदाराच्या डेऱ्याच्या जागी बिनीवाला प्रथम एक लहान पांढरे निशाण रोवी. मागाहून प्रत्येक बाजाराचे निशाण ठरलेल्या जागी उभे राही आणि ते पाहून हजारो माणसे आपापले ठिकाण ओळखीत. मुक्काम बदलला, तरी शेजार बदलत नसे. सरदारांचे डेरे, शिपायांच्या राहुट्या व पाले आणि मधून जाणारा बाजार, अशी ही फिरती वस्ती होती. बाजारात वाणी, सराफ, तेली, कलाल, नालबंद, जीनगर व चांभार यांची दुकाने असत. कोतवाल बाजारावर देखरेख ठेवी व कर वसूल करी. लढणाऱ्यांहून न लढणाऱ्यांचीच संख्या अधिक असे. त्यांना बुणगे म्हणत. धान्याचा मोठा पुरवठा बैलांच्या तांड्यांवरून वंजारी करीत.

दिनक्रम : शिपायाचा दिवस घोड्यापासून सुरू होई. पहाटे आगाडी-पिछाडी सोडून घोड्याला पाण्यावर नेणे, खरारा करणे व तोबरा चढविणे ही कामे स्वतःच्या न्याहारीपूर्वी उरकावी लागत. त्यानंतर वैरण व सरपण आणण्यासाठी कही निघे. कहीवर जाणे हे रोजचे काम असले, तरी ते जोखमीचे होते, कारण शत्रूचे घोडेस्वार याच तुकड्यांवर टपून असत. जवळची कुरणे संपली, की कहीला दूर जावे लागे. कडबा मिळाला नाही, तर उभी पिके कापली जात आणि घरांचे छप्परही वैरण वा जळण म्हणून उतरविले जाई. दुपारी ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, कांदा, मिरची व जमल्यास डाळ, एवढे जेवण असे. धान्य दळण्याचे व भाकरी भाजण्याचे काम, बायका बरोबर असल्यास, त्यांच्याकडे जाई. उरलेला वेळ हत्यारे घासण्यात, खोगीर दुरुस्त करण्यात वा बाजारात जाई. सायंकाळी सोंगट्या, गंजिफा, पोवाडे व लावण्या यांनी करमणूक होई. रात्री चौक्या बसत व गस्त फिरे.

सणवार छावणीतही पाळले जात. दसऱ्याचे सीमोल्लंघन हा फौजेचा मुख्य उत्सव होता. ब्रॉटनने होळी व मोहरम या दोहोंचे वर्णन केले आहे. मोहरमात दौलतराव स्वतः भाग घेई.

थकबाकी व धरणे : शिपायाची सर्वांत मोठी विवंचना लढाई ही नसून पगार ही होती. तो महिनोन् महिने थके. मधल्या काळात वाण्याकडून उधार घेऊन तो दिवस काढी. पगार मागण्याचा रूढ मार्ग म्हणजे धरणे. शिपाई देणेदाराच्या डेऱ्यापुढे बसत, त्याला बाहेर पडू देत नसत आणि दोन्ही पक्ष उपाशी राहत. कर्जाच्या ओझ्याचे एक उदाहरण ब्रॉटनने नोंदविले आहे : कर्जापायी भोपाळमध्ये कैदेत पडलेल्या भावाला सोडविण्यासाठी एक तरुणी पुरुषवेशात, जोरावरसिंग या नावाने, शिंद्यांच्या पलटणीत चाकरी करीत होती. ती स्त्री असल्याचे उघड झाल्यावर छावणीत तिचा उपहास न होता गौरवच झाला.

रयतेवरील परिणाम : परमुलखावरील स्वारीत चौथाई व खंडणीतून फौजेचा खर्च भागे. यादवीत ते साधन उरत नसे, म्हणून थकलेला पगार घरातूनच वसूल होऊ लागला. शिंद्यांची फौज पुण्यात असताना, १७९८ मध्ये, तिच्या खर्चासाठी सर्जेराव घाटगे याने शहरातील धनिकांचा छळ करून पैसा काढला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकराने हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्या सुमारास होळकरांच्या फौजेने व पेंढाऱ्यांनी पुणे, अहमदनगर व खानदेश या भागांत केलेली नासाडी आणि मागोमाग पडलेले अवर्षण यांमुळे १८०३-०४ मध्ये दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. कहीवर गेलेल्या शिपायाने तोडलेले पीक त्याच्यासारख्याच कुणब्याचे होते, आणि पेरणीच्या वेळी नांगर धरणाऱ्या अनेक हातांनी दसऱ्यानंतर भाला धरलेला असे.

राजकीय किंमतही मोठी होती. रघुनाथरावाच्या प्रकरणातील यादवीचा फायदा घेऊन इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला व साष्टी बेट घेतले. आजची घाटकोपर, मुलुंड, अंधेरी ही उपनगरे याच बेटाचा भाग होत. सालबाईच्या तहानेही (१७८२) साष्टी मराठ्यांना परत मिळाली नाही. हडपसरनंतर दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून (३१ डिसेंबर १८०२) इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली.

पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) ही फिरती छावणी बहुतांशी नाहीशी झाली. नोकरी गेलेले पुष्कळ शिपाई गावी परतून शेतीकडे वळले, तर काही कंपनीच्या पलटणींत शिरले. त्या जीवनाची एक खूण मात्र नकाशावर टिकून आहे : दौलतराव शिंद्याने १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली दिलेला तळ पुन्हा उठला नाही. त्या जागी वसलेल्या शहराला आजही ‘लष्कर’ असेच म्हणतात.