खडूच्या टेकड्या आणि घोडेवाटांचा कायदा

दक्षिण इंग्लंडमधील टेकड्यांना ‘डाउन्स’ असे नाव आहे. ‘डाउन’ म्हणजे खाली, हे शाळेतच पाठ झालेल्या वाचकाला हे नाव बुचकळ्यात टाकते. परंतु त्याचे मूळ टेकडी या अर्थाच्या ‘डून’ या जुन्या इंग्रजी शब्दात आहे. या टेकड्या खडूच्या, म्हणजे चुनखडीच्याच एका मऊ, पांढऱ्याशुभ्र प्रकाराच्या आहेत. त्यांची उंची डोळ्यांत भरणारी नाही. साउथ डाउन्सच्या रांगेतील बटसर हिल ही उंच टेकडीही जेमतेम २७० मीटरची. हिरवळीचे लांबरुंद उतार, मधूनच गव्हाचे शेत, मेंढ्यांचे कळप आणि माथ्यावरून दूरवर जाणारी एक पांढरी वाट, असे येथील चित्र आहे. ‘ग्रॅव्हल बायकिंग’ या नावाने गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेल्या सायकलप्रकाराला याच वाटेने मोठा चाहतावर्ग मिळवून दिला आहे.

ग्रॅव्हल बाइक ही शर्यतीची सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली आहे. हॅण्डल शर्यतीच्या सायकलीसारखा खाली वळलेला, पण टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद. त्यात हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे खडबडीत वाटेचे हादरे टायरच गिळून टाकतो आणि डांबरी रस्ता लागला तरी वेग फारसा मंदावत नाही. या प्रकाराला नाव मिळाले ते अमेरिकेत. कॅन्ससमधील एम्पोरिया गावी २००६ पासून होणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीने त्याची कीर्ती सर्वदूर नेली. ब्रिटिशांना मात्र ही कल्पना नवी नव्हती. डांबरी रस्ता सोडून आडवाटेने सायकल हाकणाऱ्यांनी १९५५ मध्येच ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची मंडळी स्थापन केली होती, तीही साध्या सायकलींच्या भरवशावर.

अमेरिकेतील मधल्या राज्यांत मैलोन्‌मैल खडीचे सार्वजनिक रस्ते आहेत. सायकल काढावी आणि निघावे. इंग्लंडमध्ये खेड्यातला आडरस्ताही बहुधा डांबरी असतो. डांबराविना उरलेल्या वाटा शेतांतून, कुरणांतून आणि खासगी जमिनींतून जातात. त्यांवरून कोणी जावे हे जमिनीचा पोत ठरवीत नाही, ते कायदा ठरवतो. परदेशी सायकलस्वाराच्या ध्यानात ही गोष्ट फार उशिरा येते.

इंग्लंडमध्ये सार्वजनिक हक्काच्या वाटांची लांबी सुमारे १ लाख ८८ हजार किलोमीटर भरते. आकडा डोळे दिपवणारा असला तरी त्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा केवळ पायी जाणाऱ्यांसाठी, म्हणजे ‘फुटपाथ’ या वर्गातील आहेत. (शहरातील रस्त्याकडेच्या पदपथाशी त्याचा संबंध नाही. येथे फुटपाथ म्हणजे शेतातली पायवाट.) सायकलस्वाराला मोकळीक आहे ती ‘ब्रायडलवे’वर, अर्थात घोडेवाटेवर, आणि ‘बायवे’ म्हटल्या जाणाऱ्या जुन्या गाडीवाटांवर. त्यातही घोडेवाटेचा हक्क उपजत नाही. १९६८ च्या ‘कंट्रीसाइड अ‍ॅक्ट’ने तो दिला आणि देताना दोन अटी जोडल्या. पादचारी आणि घोडेस्वार यांना सायकलस्वाराने आधी वाट द्यावी, ही पहिली. दुसरी अधिक मासलेवाईक आहे. सायकली जातात म्हणून ती वाट त्यांच्यासाठी सोयीची करण्याचे बंधन कोणावरही नाही. वाटेवर गुडघाभर चिखल असला तर तो सायकलस्वाराचा प्रश्न.

कोणती वाट कोणत्या वर्गात, हे पाहायचे असते अधिकृत नोंदीच्या नकाशावर. १९४९ च्या कायद्याने हे नकाशे करण्याचे ठरले आणि माहिती गोळा करण्याच्या कामाला गावोगावच्या पॅरिश कौन्सिली, म्हणजे तेथील ग्रामपंचायती म्हणाव्यात अशा संस्था, जुंपल्या गेल्या. एका गावाने आपली वाट घोडेवाट म्हणून नोंदविली, शेजारच्या गावाने त्याच वाटेचा पुढचा तुकडा पायवाट म्हणून लिहिला. परिणामी आजही काही ठिकाणी घोडेवाट गावाच्या शिवेपर्यंत येते आणि तेथे एकाएकी पायवाट होते. वाट तीच, माती तीच, पण कागदावर सायकलीचा हक्क शिवेवर संपतो. तेथून पुढे सायकल रेटणे हा बहुतांशी गुन्हा नसून जमीनमालकाविरुद्धचा दिवाणी स्वरूपाचा अतिक्रम ठरतो. तरीही मालकाने हटकले तर परत फिरणे आलेच.

जाणकार स्वार म्हणूनच खुणा वाचायला शिकतो. पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा, तर लाल आणि जांभळट बाण गाडीवाटांचे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या २५ हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर आखूड हिरव्या रेघा म्हणजे पायवाट आणि लांब रेघा म्हणजे घोडेवाट. कुंपणावर चढून जायची लाकडी पायरी दिसली की ओळखावे, ही पायवाट आहे. घोडेवाटेवर घोड्यावर बसूनही उघडता येईल असे फाटक असते.

हे सारे लक्षात घेतले म्हणजे साउथ डाउन्स वे या वाटेचे अप्रूप कळते. विंचेस्टर ते ईस्टबोर्न ही १६० किलोमीटरची राष्ट्रीय वाट सायकलने सलग पार करता येते. अपवाद शेवटी आहे. अल्फ्रिस्टन गावाजवळ तिला दोन फाटे फुटतात. ‘सेव्हन सिस्टर्स’ या पांढऱ्या कड्यांवरून जाणारा फाटा केवळ पायी चालणाऱ्यांचा, तर सायकल आणि घोडे यांच्यासाठी जेव्हिंग्टनमार्गे आतला फाटा. चित्रांतून सर्वांनी पाहिलेले ते कडे सायकलवरून पाहायला मिळत नाहीत, ही हुरहूर अनेकांना लागते. टेकड्या बुटक्या असल्या तरी वाट प्रत्येक नदीच्या खोऱ्यात उतरते आणि पुन्हा माथा गाठते. असे करता करता एकूण चढाई चार हजार मीटरच्या घरात जाते. सौम्य दिसणारा प्रदेश मांड्यांची परीक्षा घेतो तो असा. शिवाय खडूचा दगड पाणी शोषून घेत असल्याने माथ्यावर ओढे नाहीत. वाटेत ठिकठिकाणी बसविलेले पिण्याच्या पाण्याचे नळ नकाशावर आधीच हेरून ठेवावे लागतात.

एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून निघणाऱ्या १३९ किलोमीटरच्या ‘रिजवे’ची तऱ्हा वेगळी. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी खडूत कोरलेल्या अफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्याजवळून, प्राचीन थडग्याशेजारून ती थेम्सकाठच्या स्ट्रीटलीपर्यंत सायकलस्वाराला निर्वेध नेते. नदी ओलांडली की पुढील वाटेचा बराच भाग पायवाट आहे आणि पर्यायी मार्ग शोधणे भाग पडते. कोरड्या उन्हाळ्यात रिजवेवर सायकल सुरेख पळते. पाऊस पडला की ओल्या खडूचा साबणासारखा थर चाकांना चिकटतो. त्यात खडूमधल्या चकमकीच्या दगडांची धार टायर कापते. आत चिकट द्राव भरलेले ट्यूबलेस टायर येथे चैन नव्हेत, गरज आहेत.

अशा तुकड्यातुकड्यांच्या जाळ्यातून सलग मार्ग विणण्याचे काम ‘सायकलिंग यूके’ ही १८७८ पासूनची संस्था करीत आहे. २०२० मध्ये तिने ‘किंग आल्फ्रेड्स वे’ जाहीर केला. विंचेस्टरहून निघून स्टोनहेंज, एव्हबरी, रेडिंग, फार्नहॅम असा फिरत पुन्हा विंचेस्टरला येणारा हा ३५० किलोमीटरचा फेरा आहे. रिजवे आणि साउथ डाउन्स वे यांचे भाग त्यात गुंफले आहेत. २०२२ मध्ये नॉर्फकमधील ‘रेबेलियन वे’ची भर पडली. या मार्गांसाठी नवे रस्ते बांधलेले नाहीत. असलेले हक्क शोधून ते एकमेकांना जोडले आहेत.

शोधायला अजून पुष्कळ शिल्लक आहे. नोंदीतून सुटलेल्या जुन्या वाटांचे पुरावे एकोणिसाव्या शतकातील धर्मकराच्या नकाशांत, १९१० च्या वित्त कायद्यासाठी झालेल्या जमीन-मूल्यांकनाच्या कागदांत सापडतात. हौशी संशोधक ते धुंडाळून काउंटी कौन्सिलकडे अर्ज करतात. २००० च्या कायद्याने या अर्जांना १ जानेवारी २०२६ ची मुदत घातली होती. त्यानंतर अनेक ऐतिहासिक हक्क कायमचे बुडाले असते. मुदत रद्द करण्याचे सरकारने २०२२ मध्ये सांगितले, २०२३ मध्ये शब्द फिरवून ती २०३१ पर्यंत लांबविली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा ती रद्दच करण्याची घोषणा केली. सरहद्दीपलीकडे स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला बहुतेक मोकळ्या जमिनीवर जाण्याचा हक्क दिला आहे. इंग्लंडमध्ये मात्र कौन्सिलीकडे गेलेल्या अर्जांवर निर्णय व्हायला अनेकदा कित्येक वर्षे लागतात, आणि तोवर त्या वाटेच्या तोंडाशी पिवळा बाणच राहतो.