जकातीचा बांध आणि आपला ऊस



आपल्या साखरेचा ट्रक न्हावाशेवा बंदराकडे निघाला, की शीळफाट्यावर खोळंबतोच. मागच्या खेपेला आम्हीही सोबत होतो. चहा पिताना ड्रायव्हरने विचारलं, "दादा, उद्या याच बंदरातून परदेशी साखर स्वस्तात आली, तर आपली कोण घेणार?"

प्रश्न जुनाच आहे. १९३०च्या सुमारास जावा बेटाची साखर देशात वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास उतरत असे. अखेर १९३२ साली सरकारने संरक्षणाचा कायदा करून हंड्रेडवेटला ७ रुपये ४ आणे आयात जकात बसवली. बांध पडला. देशात तिसेक कारखाने होते, ते पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले.

पण बांधाआडचं पीक कुणाच्या घरात गेलं? ग्राहकाने महाग साखर खाल्ली आणि नफा मुख्यतः खाजगी कारखानदाराला झाला. उसाचा किमान दर ठरवण्याचा अधिकार प्रांतांना देणारा वेगळा कायदा १९३४ साली करावा लागला. इंग्लंडातही असंच घडलं होतं. १८१५ साली परदेशी धान्य अडवलं, त्यात जमीनदारांचं फावलं आणि मजुराचा पाव महागला. १८४६ साली तो कायदा मोडीत काढावा लागला.

आपल्याकडे साखरेचं ते संरक्षण १९५०च्या मार्चअखेर संपलं. आणि १९५०-५१च्या हंगामातच विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक झाला. जकातीने जे दिलं नाही, ते शेअरने दिलं.

मग ड्रायव्हरला उत्तर काय द्यायचं? २०१८ साली साखरेवरची आयात जकात शंभर टक्के झाली, हे खरं. पण २००९ साली देशात साखर कमी पडली, तेव्हा कच्ची साखर बिनजकात येऊ दिली होती, हेही खरं. शहरात भाव चढला, की बांध फोडायला दिल्लीची एक अधिसूचना पुरते. आणि शहरातल्या माणसाला तरी नावं का ठेवावीत? डाळ-तेल महागलं, की आपणही कुरकुरतोच की!

तेव्हा बांधावर भिस्त नको. पक्व, ताजा, पाचट-माती नसलेला ऊस घाला, उतारा वाढवा, वार्षिक सभेला येऊन हिशेब विचारा. बांध सरकारचा आहे, कारखाना मात्र आपला आहे.